पाठीवरचा सांधा: प्लास्टिकचा टायरानोसॉरस जोडताना आणि रंगवताना

रणगाड्याच्या मॉडेलवर एखादी जोडरेघ राहून गेली तरी ती पत्र्याचा जोड म्हणून खपून जाते. प्राण्याच्या कातडीला जोड नसतो. डायनासोरचं किट मात्र बहुतेक वेळा डाव्या आणि उजव्या अशा दोन अर्ध्या शरीरांत येतं. त्या दोन अर्ध्यांचा सांधा डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत पाठीवरून जातो आणि तसाच पोटाखालून परत येतो. माझा पहिला टायरानोसॉरस मी चार दिवसांत जोडून रंगवला. रंग बरा जमला होता, पण भाच्याने तो हातात घेतला, पाठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "मावशी, हा इथून उघडतो का?" त्या दिवसापासून मी रंगाच्या दुप्पट वेळ सांध्याला देते. या लेखातही तसंच केलं आहे.

उदाहरणासाठी तामिया या जपानी कंपनीचा १/३५ प्रमाणातला टायरानोसॉरस रेक्स घेतला आहे. १/३५ हे सैनिकी मॉडेलचं प्रमाण आहे. शिकागोच्या फील्ड म्युझियममधला 'सू' नावाचा प्रसिद्ध सांगाडा सुमारे १२.३ मीटर लांब आहे, म्हणजे या प्रमाणात साधारण ३५ सेंटिमीटर. पावणेसहा फुटांचा माणूस याच प्रमाणात जेमतेम ५ सेंटिमीटरचा होतो. मॉडेलशेजारी तेवढ्या उंचीचा एखादा पुतळा उभा करून बघा, प्राण्याच्या आकाराची कल्पना चटकन येईल. दुसऱ्या कंपनीचं किट असेल किंवा ट्रायसेरॅटॉप्स असेल तरी पुढची कृती तशीच लागू पडते.

आधी प्राणी समजून घ्या

डबा उघडण्याआधी एक संध्याकाळ वाचनाला द्या. जीवाश्म शोधणारे बार्नम ब्राउन यांना अमेरिकेतल्या माँटाना राज्यात, हेल क्रीक नावाच्या खडकांच्या थरांत १९०२ साली या प्राण्याचा सांगाडा सापडला आणि जीवाश्मशास्त्रज्ञ हेन्री फेअरफिल्ड ऑस्बॉर्न यांनी १९०५ साली त्याला टायरानोसॉरस रेक्स हे नाव दिलं. त्यानंतर कित्येक दशकं तो ताठ उभा राहून शेपूट जमिनीवर ओढणारा प्राणी म्हणूनच दाखवला गेला. आता आपल्याला माहीत आहे की त्याची पाठ जमिनीला जवळपास समांतर असायची आणि शेपूट मागे हवेत असायची. जड डोक्याचा तोल त्या शेपटीवर सांभाळला जायचा. जुन्या साच्यांतून निघालेली किट अजूनही ताठ उभ्या ठेवणीची असतात. तुमचं तसं असेल तर ठेवण बदलू नका. त्यासाठी कमरेत कापावं लागतं आणि पहिल्या मॉडेलवर तो उद्योग झेपत नाही.

दोन गोष्टी मात्र सहज सुधारता येतात. पहिली, हात. टायरानोसॉरसला हाताला दोनच बोटं होती आणि तळवे एकमेकांकडे वळलेले होते, आपण टाळी वाजवायला हात धरतो तसे. किटमध्ये तळवे जमिनीकडे असतील तर मनगटाशी कापून पाव फेरा फिरवा आणि पुन्हा चिकटवा. दुसरी, ओठ. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार या कुळातल्या प्राण्यांचे वरचे दात मगरीसारखे उघडे न राहता ओठांनी झाकलेले असावेत. सगळे तज्ज्ञ त्यावर एकमताचे नाहीत. मला स्वतःला ओठवाला चेहरा अधिक जिवंत वाटतो, म्हणून मी वरच्या जबड्याच्या कडेला एम-सीलची बारीक वळी बसवते. तुम्हाला उघडे दात आवडत असतील तर ही पायरी सोडून द्या.

सामान

निपर, म्हणजे मॉडेलसाठीचा सपाट तोंडाचा कटर, ही एकच गोष्ट जरा चांगली घ्या. बाकी बरंचसं स्टेशनरी आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळतं: पात्याचा कटर, बारीक कानस, ४००, ६०० आणि ८०० नंबरचे वॉटर पेपर, मास्किंग टेप, रबरबँड, कपडे वाळत घालायचे चिमटे, टूथपिक, शिवणाची सुई आणि एम-सीलचं साधं पाकीट. झटपट घट्ट होणारं एम-सील नको, कारण कातडी कोरायला वेळ लागतो.

चिकटवायला पॉलिस्टायरिनसाठीचं मॉडेल सिमेंट हवं, आणि तेही दोन प्रकारचं: एक दाट, एक पाण्यासारखं पातळ. घरातल्या झटपट गोंदाने काम चालवायचा मोह होतो, तो आवरा. झटपट गोंद दोन तुकड्यांच्या मधे वाळून बसतो. मॉडेल सिमेंट प्लास्टिक विरघळवतं, दोन्ही कडा एकमेकांत मिसळतात आणि वाळल्यावर एकच तुकडा होतो. सांधा नाहीसा करायचा तर हाच गुण कामाला येतो.

रंगांत ॲक्रिलिक सोपे. मॉडेलसाठी बनवलेले रंग बारीक दळलेले असतात आणि पातळ थरातही छान झाकतात. पण ३५ सेंटिमीटरच्या प्राण्याच्या अंगासाठी कॅमल किंवा फेविक्रिलच्या बाटल्यांनीही काम होतं, फक्त खाली प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर, हवा आणि रंग दुधाइतका पातळ करून दोन-तीन हात द्यायला हवेत. डोळे आणि दातांसाठी मात्र चांगल्या रंगाच्या दोन-तीन छोट्या बाटल्या घ्याच. ब्रश चार: शून्य नंबरचा टोकदार, दोन नंबरचा गोल, अर्ध्या इंचाचा चपटा आणि एक जुना, केस राठ झालेला. तो जुना फेकू नका, त्याच्यावाचून पुढे अडेल.

सिमेंट आणि स्प्रेचा वास डोक्यात जातो. खिडकी उघडी ठेवा, स्प्रे मारताना मास्क लावा, आणि लहान मुलं सोबत असतील तर पातं आणि सिमेंट मोठ्यांच्याच हातात राहू द्या.

कापणं आणि घासणं

प्लास्टिकच्या चौकटी, म्हणजे स्प्रू, भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवा. साच्यातून सुटे व्हावेत म्हणून लावलेल्या तेलकट पदार्थाचा अंश त्यांवर असू शकतो आणि त्यावर रंग धरत नाही.

तुकडा चौकटीपासून कापताना दोनदा कापायचं. पहिला काप तुकड्यापासून दूर, दांडीवर. दुसरा काप कडेपासून अर्धा मिलिमीटर सोडून. उरलेला टोक पात्याने हलक्या हाताने तासा आणि ४०० नंबरने घासा. एकाच कापात कडेला लागून तोडलं तर प्लास्टिक पांढरं पडतं आणि कधीकधी आतला टवका निघतो. नख्यांना आणि दातांना हे विशेष लागू आहे. सगळे तुकडे एकदम कापू नका, नाहीतर डावी आणि उजवी बोटं एकमेकांत मिसळतात. शरीर, मग पाय, मग हात, मग डोकं, या क्रमाने जा.

प्रत्येक तुकड्याच्या कडेने साच्याची एक बारीक उभी रेघ असते. ती पात्याच्या पाठीने खरवडून काढा. पायाच्या बोटांवर ती हमखास नजरेतून सुटते.

सांधा

आता मुख्य काम. शरीराची दोन अर्धी सिमेंटशिवाय एकमेकांवर बसवून रबरबँडने बांधा आणि खिडकीसमोर धरा. उजेड कुठून येतो ते पेन्सिलने अंगावर लिहून ठेवा. बहुतेक वेळा मान आणि शेपटीचं मूळ या दोन जागी फट दिसते. आतल्या बाजूने खुंट्या आणि भोकं नीट जुळत नसतील तर खुंटीचं टोक थोडं कापा. खुंट्यांमुळे अर्धी वाकडी बसत असतील तर खुंट्या सरळ काढून टाका. कडा एकमेकांवर नेमक्या बसणं जास्त महत्त्वाचं.

दोन्ही कडा ६०० नंबरच्या वॉटर पेपरवर सपाट ठेवून चार-पाच फेरे घासा. मग दाट सिमेंट दोन्ही कडांना लावा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा एक हात लावा. कडा मऊ होऊ लागल्या की दोन्ही अर्धी एकत्र आणून घट्ट दाबा. सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकची बारीक वळी बाहेर आली पाहिजे. ती पुसू नका. तीच फट भरून काढणार आहे. वळी आली नाही म्हणजे सिमेंट कमी पडलं किंवा थांबणं जास्त झालं.

३५ सेंटिमीटर लांबीवर हे एका दमात होत नाही, कारण शेपटीपर्यंत पोचेपर्यंत मानेचं सिमेंट वाळून जातं. म्हणून तीन टप्पे करा. आधी डोक्यामागची मान आणि खांदे, तिथे चिमटे लावून अर्धा तास थांबा. मग पाठ आणि पोट. शेवटी शेपूट. शेपटीवर मास्किंग टेपच्या पट्ट्या आडव्या, ताणून लावा. टेप सांध्यावर थेट बसली तर सिमेंट तिच्याखाली पसरतं आणि कातडी विरघळते, म्हणून प्रत्येक पट्टीखाली सांध्याच्या दोन्ही बाजूंना काडेपेटीतल्या काडीचा एकेक तुकडा ठेवून टेप जरा उचललेली ठेवा.

आणि मग थांबा. शक्यतो पूर्ण आठवडा. आतलं सिमेंट उडून जायला वेळ लागतो. वरून कोरडा वाटणारा सांधा लवकर घासला तर नंतर आतून आकसतो आणि रंगाखाली खोलगट रेघ होऊन परत उगवतो. मी एकदा तिसऱ्या दिवशी घासून रंगवलेलं मॉडेल दोन महिन्यांनी पुन्हा प्रायमरपर्यंत उतरवलं आहे. या आठवड्यात पाय, हात आणि जबडा करायला घ्या.

आठवड्यानंतर वळी पात्याने खरवडा. पातं सांध्याला आडवं धरायचं आणि ओढायचं, कापायचं नाही. मग ४०० नंबर, मग ६००. घासताना वॉटर पेपर ओला ठेवा आणि पाठीच्या गोलाईवरून फिरवा. सपाट ठोकळ्यावर गुंडाळून घासलं तर पाठीला पट्टा पडतो. ओल्या कपड्याने पुसून नख आडवं फिरवा. नख कुठेही अडत नसेल तर सांधा गेला.

मिटलेल्या सांध्यावर कातडी परत आणणं

इथेच बरेच जण थांबतात. सांधा गेला खरा, पण पाठीच्या कण्यावर दोन-तीन मिलिमीटरचा गुळगुळीत पट्टा तयार झाला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खवले. रंग चढल्यावर हा पट्टा सांध्याइतकाच ओरडतो. यासाठी मी तीन उपाय वापरते, जागा बघून.

अरुंद पट्ट्यासाठी पातळ सिमेंट. एकेका इंचावर सिमेंट लावा, अर्धा मिनिट थांबा आणि राठ झालेला जुना ब्रश उभा धरून टोचत जा. मऊ झालेलं प्लास्टिक वर उचललं जातं आणि खरखरीत होतं. आधी उरलेल्या स्प्रूच्या तुकड्यावर हात बसवून घ्या.

मांडीचा सांधा, खांदा, जबड्याची कड अशा मोठ्या फटींसाठी एम-सील. दोन्ही रंगांचे समान भाग घेऊन एकच करडा रंग येईपर्यंत मळा. फटीत टूथपिकने दाबून भरा, वरचं जादा पाण्याने ओल्या केलेल्या बोटाने कडेला ओढून पातळ करा, म्हणजे एम-सील कुठे संपतं ते कळत नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी जरा ताठर झालं की सुईने सुरकुत्या ओढा. सुरकुत्यांची दिशा महत्त्वाची आहे. मांडी आणि पोट जिथे मिळतात तिथे त्या मांडीभोवती वळतात, काखेत पंख्यासारख्या पसरतात, मानेवर आडव्या असतात. आपलं कोपर वाकवून बघा, किंवा एखाद्या म्हशीची मान बघा, उत्तर तिथेच मिळेल. खवल्यांसाठी रिकाम्या बॉलपेनच्या रिफिलचं टोक कापून त्याची नळी वापरा. ती टेकवली की बारीक गोल उमटतो.

तिसरा उपाय मला सगळ्यांत प्रिय आहे. किटच्याच मांडीवर, जिथे कातडी शाबूत आहे तिथे, टाल्कम पावडर लावून एम-सीलचा छोटा गोळा दाबा आणि घट्ट होऊ द्या. काढल्यावर हाती येतो तो त्याच कातडीचा उलटा ठसा. हा ठसा ताज्या एम-सीलवर पाणी लावून दाबला की किटच्या खवल्यांशी तंतोतंत जुळणारे खवले उमटतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टायरानोसॉरसच्या मान, कंबर आणि शेपटीवरच्या कातडीचे ठसे वर्णिले आहेत. ते खवले खरोखर फार बारीक आहेत, १/३५ प्रमाणात ते डोळ्याला दिसणारही नाहीत. किटवरचे खवले त्या मानाने मोठे आहेत. तरी मी ते घासून काढत नाही. सगळ्या अंगावर कातडी सलग दिसणं हेच ध्येय आहे.

काम झालं की पुन्हा एकदा साबणाच्या पाण्याने धुवा. हाताचं तेल आणि पावडर दोन्ही गेली पाहिजेत.

पाय जोडताना प्राणी दोन पायांवर डुगडुगतो. तळपायाला एक मिलिमीटरचं भोक पाडून त्यात सरळ केलेल्या पेपर क्लिपची तार बसवा आणि सेंटिमीटरभर बाहेर राहू द्या. रंगवताना ती धरायला येते आणि शेवटी तळाच्या फळीत रुतते. खालचा जबडा अजून चिकटवू नका, तोंडाचा आतला भाग आधी रंगवायचा आहे.

प्रायमर

करड्या प्रायमरचा स्प्रे वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून, हात चालता ठेवून, दोन पातळ थरांत मारा. गाडीचा प्रायमर वापरणार असाल तर आधी स्प्रूवर मारून बघा, काहींचा थिनर इतका तीव्र असतो की प्लास्टिक वितळतं. पावसाळ्यात, हवा दमट असताना स्प्रे मारू नका. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि थर पांढुरका धुरकट होतो. जुलैत काम करायचंच असेल तर ब्रशने लावायचा ॲक्रिलिक प्रायमर घ्या.

प्रायमर हा तपासनीस आहे. एकसारख्या करड्या रंगाखाली राहिलेला सांधा, बोटाचा ठसा, अर्धवट खवले, सगळं उघडं पडतं. टेबललॅम्प आडवा धरून बघा. दोष दिसला तर भरा, घासा, पुन्हा प्रायमर. माझ्याकडे ही फेरी सरासरी तीनदा होते आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

रंग कोणता द्यायचा?

टायरानोसॉरसच्या रंगाचा पुरावा आजवर मिळालेला नाही. पण दुसऱ्या काही डायनासोरांचा मिळाला आहे. जीवाश्म झालेल्या पिसांत आणि कातडीत रंगकण धरणाऱ्या सूक्ष्म पेशीघटकांचे अवशेष टिकतात. २०१० साली त्यांच्या आधारे चीनमधल्या सायनोसॉरोप्टेरिक्स या छोट्या डायनासोरच्या शेपटीवर तांबूस-तपकिरी आणि फिकट असे आळीपाळीने पट्टे होते हे दाखवता आलं. २०१६ साली सिटाकोसॉरस या दुसऱ्या डायनासोरची पाठ गडद आणि पोट फिकट असल्याचं सिद्ध झालं. २०१७ साली कॅनडातल्या बोरेआलोपेल्टाचं वर्णन प्रसिद्ध झालं. अंगावर चिलखत असलेला, टनाहून जड असा हा प्राणी, आणि त्याचीही पाठ तांबूस-तपकिरी व खालची बाजू फिकट.

गडद पाठ आणि फिकट पोट यामागचं कारण सोपं आहे. ऊन वरून पडतं, त्यामुळे पाठ उजळ दिसते आणि पोट सावलीत जातं. अंगाचा रंग याच्या उलट असला की दोन्ही एकमेकांना खोडतात आणि प्राण्याची गोलाई नजरेला कळेनाशी होते. पूर्ण वाढलेल्या टायरानोसॉरसला खाणारं कोणी नव्हतं, पण त्याला स्वतःला सावजापासून लपायचं होतंच. म्हणून मी याच मांडणीवर जाते: पाठ गडद तपकिरी, बाजू तांबूस, पोट मळकट पिवळसर, पाठीवर तुटक पट्टे. भडक रंग द्यायचाच असेल तर डोळ्यावरच्या खडबडीत उंचवट्यापुरता ठेवा. अनेक पक्षी दिखाव्याचा रंग डोक्या-मानेवर मिरवतात, आणि टायरानोसॉरस सरड्यांपेक्षा पक्ष्यांच्या जवळचा.

रंगवणं

पहिला हात बर्न्ट अंबरमध्ये थेंबभर काळा मिसळून, पोटासकट सगळीकडे. पातळ, दोन थर. सुरकुत्यांच्या तळाशी रंग पोचला पाहिजे.

दुसरा हात स्पंजने. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा कात्रीने न कापता हाताने फाडा. कापलेल्या कडेची सरळ रेघ उमटते, फाटलेल्याची उमटत नाही. बर्न्ट सिएन्ना आणि रॉ अंबर समान घ्या, स्पंज बुडवा, कागदावर बराचसा टिपून घ्या आणि बाजूंवर हलकं टेकवत जा. खोलगट जागी खालचा गडद रंग राहू द्या. याच मिश्रणात थोडा यलो ऑकर घालून मांडीच्या आणि खांद्याच्या फुगीर भागावर पुन्हा. पोट, गळा आणि शेपटीच्या खालच्या बाजूला पांढरा, यलो ऑकर आणि किंचित अंबर. पोटाचा आणि बाजूचा रंग जिथे मिळतात तिथे रेघ दिसता कामा नये. दोन्ही रंगांचं मधलं मिश्रण करून त्या सीमेवर स्पंज फिरवा.

पट्ट्यांसाठी दोन नंबरचा ब्रश आणि पातळ गडद तपकिरी. पट्टा कण्यावर रुंद, खाली येता येता निमुळता, मधे एखाद्या ठिकाणी तुटलेला. डावीकडचा आणि उजवीकडचा पट्टा आरशातल्यासारखे जुळवू नका. घोरपडीचे किंवा वाघाचे फोटो शेजारी ठेवून बघत रंगवा. पट्टे फार ठसठशीत झाले तर वरून बाजूच्या रंगाचा स्पंज एकदा फिरवला की ते कातडीत मुरतात.

आता पूर्ण अंगावर अर्धचकाकीच्या व्हार्निशचा थर द्या आणि एक दिवस वाळू द्या. तो पुढच्या वॉशपासून, म्हणजे फटींत सावली बसवणाऱ्या पातळ रंगापासून, ॲक्रिलिकला आणि प्लास्टिकला सांभाळतो. टर्पेंटाइन उघड्या प्लास्टिकच्या ताणलेल्या सांध्यात शिरलं तर सांधा तडकू शकतो.

वॉश तैलरंगाचा करा. ट्यूबमधला बर्न्ट अंबर मटाराएवढा पुठ्ठ्यावर काढून तासभर ठेवा. पुठ्ठा जादा तेल शोषतो आणि रंग लवकर, चकाकी न धरता वाळतो. तो टर्पेंटाइनमध्ये काळ्या चहाइतका पातळ करा. एका वेळी एकच भाग: मांडी, मग पाठीचा एक टप्पा. खवल्यांच्या फटींत तो आपोआप धावतो. वीस मिनिटांनी सुती कपड्याने वरून खाली पुसा, उंचवटे मोकळे होतात आणि फटींत सावली राहते. दोन-तीन दिवस वाळल्यावर शेवटचा कोरडा ब्रश: फिकट ऑकर राठ ब्रशवर घ्या, कागदावर जवळजवळ सगळा पुसून टाका आणि खवल्यांवरून आडवा हलका फिरवा. कातडी उठून येते. इथे हात आखडता ठेवा, जास्त झाला की प्राणी पीठ सांडल्यासारखा दिसतो.

तोंड आणि डोळे

तोंडाच्या आत सरसकट गुलाबी देऊ नका. घशाकडे काळपट लाल, जिभेवर मळका गुलाबी, हिरड्यांना किंचित जांभळट. दात पांढरे नसावेत. हस्तिदंती रंग द्या, मुळाशी पातळ तपकिरी ओढा आणि टोक जरा फिकट ठेवा. नख्या गडद राखाडी, टोकाला फिकट. हे झाल्यावर जबडा चिकटवा आणि बिजागरीची फट एम-सीलने भरा.

गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत मुरलेल्या हाताने होते. इथेही डोळे शेवटी. सकाळचा उजेड, हात ताजा, कोपर टेबलावर टेकलेलं. खोबणीत आधी काळा. त्यावर कडेला काळी किनार ठेवून पिवळसर तांबडा. बाहुली ब्रशने न काढता टूथपिकच्या टोकाने ठिपका टेकवून काढा. टायरानोसॉरसचे डोळे पुढच्या दिशेला रोखलेले होते आणि दोन्ही डोळ्यांना एकच दृश्य बऱ्यापैकी दिसायचं. म्हणून एक बाहुली झाली की मॉडेल समोरून धरा आणि दुसरी तिच्याशी जुळवून टेकवा. बाजूने बघत काढली तर नजर फाकते. चुकलं तर ओल्या काडीने लगेच पुसा.

सगळ्या अंगावर मॅट व्हार्निश द्या. तो वाळल्यावर डोळे, जीभ आणि तोंडाच्या आतल्या भागावर ब्रशने चकचकीत व्हार्निश. ओलसरपणाचा हा एवढाच भाग चेहऱ्यात जीव आणतो.

पायाखालची जमीन

हेल क्रीक म्हणजे तेव्हाचा उबदार पूरमैदानाचा प्रदेश: नद्या, चिखल, फुलझाडांची रुंद पानं, नेचे, सूचिपर्णी झाडं. तिथे हिरवळ अंथरायची नाही. मॉडेलच्या दुकानातलं गवत डायनासोरच्या पायाखाली पसरलेलं मी कितीदा तरी बघितलं आहे आणि प्रत्येक वेळी ते खटकतं.

पण गवताची गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग आपल्या महाराष्ट्रातला आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुरा इथे डायनासोरच्या विष्ठेचे जीवाश्म सापडतात. वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी २००५ साली त्यांत गवताचे सिलिकाचे सूक्ष्म कण दाखवले. त्याआधी डायनासोरांच्या काळात गवत नव्हतंच असं मानलं जायचं. त्याच जिल्ह्यातल्या डोंगरगावला आयसिसॉरस हा लांब मानेचा डायनासोर सापडला आणि इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून त्याला हे नाव मिळालं. टायरानोसॉरस माँटानात फिरत होता त्याच सुमारास आपल्याकडे दख्खनचा लाव्हा वाहू लागला होता. तेव्हा लांब मानेचं किट हाती आलं आणि तळ विदर्भातला करायचा ठरवला, तर तुरळक गवताचे दोन-चार झुबके निर्धास्त लावा.

आपल्या टायरानोसॉरससाठी पंधरा बाय तीस सेंटिमीटरची फळी घ्या. भुसा, चाळलेली माती आणि फेव्हिकॉल थोड्या पाण्यात कालवून सेंटिमीटरभर थर द्या. ओला असतानाच मॉडेलच्या तळपायांना पातळ प्लास्टिक गुंडाळून दाबा आणि उचला. बोटांभोवती चिखल जरा वर आला पाहिजे. कित्येक टनांचा प्राणी सपाट जमिनीवर नुसता ठेवलेला दिसला तर हलका वाटतो. मागे अजून एक-दोन ठसे उमटवा, एकापुढे एक, जवळजवळ एका रेषेत. तळ चार दिवस वाळू द्या, पातळ थरातही भेगा पडतात, त्या तशाच ठेवा, वाळत्या चिखलाच्या दिसतात. गडद तपकिरी रंग, वर फिकट कोरडा ब्रश, ठशांच्या तळाला चकचकीत व्हार्निशचं पाणी. वाळलेली बारीक पानं चुरून पालापाचोळा, आणि कागदातून कापलेले दोन-तीन नेचे मागच्या कोपऱ्यात.

मॉडेल ठशांवर धरून तारांच्या खुणा करा, भोकं पाडा, तारांना एम-सील लावा आणि पाय आपापल्या ठशांत बसवा. बोटांच्या कडेने तोच भुशाचा चिखल टूथपिकने भरा, म्हणजे पाय आणि जमीन यांच्यामधलीही फट राहणार नाही. रात्रभर प्राण्याला शेपटीखाली पुस्तकांचा टेकू द्या आणि सकाळी काढून घ्या.